मेंढ्याला इचारत न्हाईत

आबा,

तुम्ही गेल्याला आज एकविसावा दिवस. करायची होती ती कामं झाली. खाट विहिरीवर नेऊन धुतली, दोन दिवस कडक उन्हात टाकली आणि दवाखान्याच्या शिपायाला देऊन टाकली. रबरी नळी, काचेचं भांडं, उरलेल्या सुया परत केल्या, पोच घेतली. घोंगडी ग्यानबा पेडगावला, आपल्या मेंढरांच्या वाड्यावर घेऊन गेला. सोमवारपासून मी शाळेत रुजू झाले.

भेटायला येणाऱ्या बाया म्हणतात, मास्तरीण, रडून घ्या, मोकळं वाटंल. मला रडू येत नाही. राग येतो. गेल्या आठवड्यापर्यंत तो तुमच्यावर होता. आता तो कुणावर ठेवावा ते ठरत नाही, म्हणून लिहायला बसले. तुमच्याशी माझं एक भांडण अर्धं राहिलं होतं. ते मुळात कशाबद्दल होतं हेच मला ठाऊक नव्हतं, हे आता कळलं.

दोन वर्षांपूर्वी झरीच्या एका शेतात खतासाठी मेंढरं बसवून तुम्ही परतलात तेव्हा कंबर धरली होतीत. गाडीतून उतरताना लचक भरली म्हणालात. मी मानलं. बिब्बा घातला, मीठ गरम करून शेकलं. मग लंगड्या मेंढराला देता तसा डाग कमरेवर घ्यायचं तुम्ही ठरवलंत आणि विळा मी तापवून दिला. लघवी अडते म्हटल्यावर धन्याचं पाणी, गोखरूचा काढा, ओटीपोटावर शिजवलेली पळसाची फुलं. ती फुलं मी मधल्या सुट्टीत पोरींकडून वेचून घेतली होती. दर घटकेला उठावं लागतं, कधी कधी रक्त जातं, हे मला सांगितलं नाहीत. ते ग्यानबाला ठाऊक होतं. लेकीला कमरेपर्यंतचं दुखणं सांगायचं आणि कमरेच्या खालचं लेकाला, ग्यानबाला, अशी वाटणी आपल्या घरात होती. ती कुणी केली नव्हती. आधीपासून होतीच.

गेल्या ज्येष्ठात एके दिवशी लघवी पारच बंद झाली आणि ग्यानबाने तुम्हाला गाडीत घालून परभणीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. नळी घातल्यावर तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते मला आठवतं. "कालव्याचं दार उघडलं बगा." कंपाउंडर हसला. एक्स-रे काढला, तो काचेला लावून उजेडात धरला, तर तुम्ही म्हणालात, "माझीच हाडं मला दाखवायलेत. म्या आतापस्तोर झाकून ठिवली व्हती की." डॉक्टर हसले नाहीत. ते ग्यानबाला बाजूला घेऊन बोलले. ग्यानबाने मला येऊन सांगितलं, गाठ आहे, हाडात उतरली आहे, हैदराबादला न्या म्हणतात.

नेते म्हटलं. पंधरा दिवसांची रजा घेतली, काचीगुड्याच्या गाडीची वेळ पाहिली, पथारी, तांब्या, भाकरीचं पीठ, जुनी लुगडी फाडून केलेल्या घड्या, दवाखान्याचे कागद मेणकापडात, असं सगळं बांधलं. माझ्या या बांधाबांधीला तुम्ही नेहमी हसायचात. "वाडा हालवायची तयारी झाली," म्हणायचात. पण ती सवय तुमचीच. नवरा वारला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. माझ्या दिराकडच्यांनी मला ठेवून घ्यायचं म्हटलं, शेणपाण्याला. तुम्ही मेंढरं मागे भावकीच्या भरवशावर टाकून आलात, मला घेऊन थेट परभणीच्या मुलींच्या शाळेत गेलात आणि बाईंना म्हणालात, "हिला मेंढरं मोजता येत्यात शंभरापस्तोर. त्याच्या फुडलं तुमी शिकवा." धनगराची विधवा पोर शाळेत, म्हणून भावकी वर्षभर बोलत होती. तुम्ही एकदाही मला ते बोलणं ऐकवलं नाहीत. त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हणायचं सुचलं नाही. आपल्यात असं काही म्हणत नाहीत.

तर हैदराबाद. मोठा दवाखाना, लांबलचक ओसरी, लिंबाखाली बाक. तपासण्यांत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. मी कागद घेऊन तुमच्या मागोमाग दारापर्यंत आले. दारावरचा माणूस म्हणाला, "माँ, तुम बाहर बैठो. मर्दों की बात है." मी बसले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं. तीन दिवस तुमची नळी, तुमचं खाणं, तुमच्या अंगातला ताप किती वाजता किती, हे सगळं माझ्या वहीत होतं आणि ज्या खोलीत त्याचा निकाल लागणार तिच्या बाहेर मी पदर सावरून बसले होते.

अर्ध्या तासाने तुम्ही दोघं बाहेर आलात. तुम्ही भिंत धरून चालत होता.

"काय म्हणले?" मी विचारलं.

ग्यानबा म्हणाला, "आप्रेशन म्हनले."

"कधी?"

"आबा न्हाई म्हनले."

मला वाटलं, झालं, म्हातारा सुरीला भ्याला. धर्मशाळेत आल्यावर मी तुमच्या मागे लागले. मोठं आहे का ऑपरेशन? नाही, लहान. जिवाला धोका आहे का? ग्यानबा म्हणाला, "तसा लय न्हाई म्हनले." त्याने कळ थांबते का? "थांबंल म्हनले." मग नाही कशासाठी म्हणायचं? तुम्ही म्हणालात, "घरी चल," एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "घरी चल, बाई." आणि मी, रजा काढून, पथारीसकट आलेली, चिडले.

"आबा, उभ्या जन्मात हजार मेंढे बडवले तुमी. पंचक्रोशीतनं लोक बोलवायला यायचे. तवा हात न्हाई थरथरला. आता सोतावर आलं तर भेव वाटायलंय व्हय?"

हे मी बोलले. तुमच्या पोटच्या पोरीने, ग्यानबासमोर, धर्मशाळेच्या अंगणात.

मेंढे बडवायच्या दिवशी आपल्यात बायकांना वाड्यावर थांबू देत नाहीत. लहानपणी त्या दिवशी आई मला पाण्याच्या निमित्ताने नदीला न्यायची. मेंढ्याचं नर असणं ज्या दिवशी संपवायचं त्या दिवसाचं नावही बाईने पुरुषासमोर घ्यायचं नसतं. मी घेतलं, कारण राग आला होता आणि तुमच्या धिटाईचं दुसरं मोठं उदाहरण मला सुचलं नाही. बास, एवढंच.

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. मग हळू म्हणालात, "मेंढ्याला इचारत न्हाईत, बाई."

आणि घोंगडीची घडी घालायला लागलात. ग्यानबा तांब्या घेऊन पाणी आणायला उठला. तांब्या भरलेला होता. तो भरलेला तांब्या घेऊन का उठला हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

तुमचं उत्तर मला आवडलं होतं, आबा. परत आल्यावर मी ते शाळेतल्या बाईंना सांगितलं. आमचे आबा बोलायला कसे, बघा. आम्ही दोघी हसलो.

हैदराबादेहून आणलेला कागद इंग्रजीत होता. मला मराठी येतं, उर्दू येतं, इंग्रजी नाही. कसलं ऑपरेशन ते तरी कळावं म्हणून मी तो मुलांच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे नेला. त्यांनी पहिल्या ओळी मोठ्याने वाचून अर्थ सांगितला. नाव, वय, गाव. मग ते मनात वाचायला लागले. कानापर्यंत लाल झाले. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शस्त्रक्रिया सुचवली आहे, बाई. बाकीचं आपल्या बंधूंना ठाऊक असेल." मी आभार मानून परत आले. मी वर्गात पोरींना सांगते, न वाचता अंगठा देऊ नका, समजेपर्यंत विचारा. मी विचारलं नाही. काहीतरी पुरुषांचं असेल, एवढं समजलं होतं, आणि तेवढं समजल्यावर गप्प बसणं हीच सभ्यता, असं मला वाटलं होतं.

तेव्हापासून, माझ्या परभणीच्या खोलीवर राहत असूनही, तुम्ही मला बाई म्हणायचं सोडलंत. मास्तरीणबाई म्हणायला लागलात. मी पाय चेपायला बसले की पाय ओढून घ्यायचात. नळी बदलायला कंपाउंडर यायचा तेव्हा मी ओसरीवर जाऊन थांबले आहे की नाही हे आधी मान वळवून बघायचात. मला वाटलं रुसलात. बाप रुसला तर रुसू दे, माझं बरोबर आहे, म्हणून मीही दर आठ दिवसांनी तोच विषय काढत राहिले. अजून वेळ गेली नाही, आबा. ऑपरेशन करून घ्या. एवढं काय त्यात? दर वेळी तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

दिवाळीच्या तोंडावर राज्य बदललं. दवाखान्यावरची पाटी बदलली, आपल्याला ओळखणारे डॉक्टर बदलून गेले, हैदराबादचा रस्ता परका झाला. लोक म्हणाले, आता आपण मुंबईचे. मी म्हटलं, मग मुंबईचा उपयोग करू. तिथल्या मोठ्या दवाखान्याला पत्र लिहिलं, उत्तर आलं, रुग्णाला घेऊन या. मनमाडला गाडी बदलायची, तिथे हमाल कुठे मिळतात, दाराची फळी काढून त्यावर तुम्हाला कसं न्यायचं, सगळं ठरवलं. ग्यानबा आणि तीन माणसांनी फळी उचलली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तुमच्या कमरेतून अशी कळ आली की तुमचा आवाज ऐकून शेजारच्या घरातलं पोरगं रडायला लागलं. तिथूनच माघारी आणलं. आपण मुंबई राज्यात गेलो खरे, पण स्टेशनापर्यंत नाही.

पुढचे दोन महिने मी काही लिहीत नाही. सकाळची सुई, संध्याकाळची सुई आणि मधला वेळ. तुम्ही फाल्गुनात गेलात.

गेल्या आठवड्यात सुया परत करायला गेले तर कंपाउंडर नव्हता. बायकांच्या विभागात नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत, पुण्याकडच्या. त्यांनी सुया मोजून घेतल्या आणि वहीत लिहायला आधीचे कागद मागितले. मी मेणकापड सोडलं. त्यांनी हैदराबादचा कागद उभ्या उभ्या वाचला.

"ऑपरेशन केलं नाही?"

"आबा नको म्हणाले. भ्याले."

"पुष्कळ जण नको म्हणतात," त्या म्हणाल्या. "दोन्ही वृषण काढायचे म्हटल्यावर पुरुष घाबरतातच."

हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. कुणी तोंडाने म्हटलेला ऐकला नव्हता. मी बाकावर बसले. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी नीट समजावून सांगितलं, जसं मी पोरींना सांगते तसं. पुरुषांच्या मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते, कॅन्सर तिथे होता. त्याला पोसणारा रस वृषणांतून येतो. तो थांबवला तर गाठ आवळते, हाडांची कळ उतरते. आजार जात नाही. पण काहींना वर्ष, काहींना दोन वर्षं बरी मिळतात.

हे त्या सांगत होत्या आणि मला धर्मशाळेचं अंगण दिसत होतं. हजार मेंढे बडवले तुमी. आता सोतावर आलं तर.

मग त्यांनी विचारलं, "आणि गोळ्या?"

"कसल्या गोळ्या?"

"हे काय, खाली लिहिलंय. ऑपरेशन नको असेल तर रोज एक गोळी. तेच काम करते. हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही?"

मी विचारलं, ती गोळी कुठे मिळते. त्या म्हणाल्या, "इथे नाही मिळत. हैदराबाद, मुंबई. टपालाने येते."

टपालाने, आबा. पोस्ट माझ्या शाळेच्या समोर आहे.

त्याच दिवशी मी पेडगावला गेले. ग्यानबा वाड्यावर होता, कोकरं पाजत होता. मी कागद त्याच्यासमोर धरला. त्याला वाचता येत नाही, पण कशाचा कागद ते त्याने ओळखलं.

"गोळ्यांचं मला कामून न्हाई सांगितलं?"

तो कोकराकडे बघत म्हणाला, "अक्का, डाक्टर म्हनला त्या बायांच्या औषदातल्या गोळ्या हायेत. खाल्ल्या की मानसाला छाती येती बाईवानी."

"मग? आबा काय म्हणाले?"

"आबाला म्या सांगितलंच न्हाई. डाक्टर उर्दूत बोलायलता, आबाला आप्रेशनचं तेवडं कळलं. त्यानंच त्येंचं तोंड पार उतरलं. वरून ह्ये कसं सांगू?"

"मला सांगायचं."

"तुला?" तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "बहिनीला? बापाचं असलं?"

त्याच्या तोंडावर खरंच आश्चर्य होतं. तो खोटारडा नाही, आबा. तुमच्यासाठी तो नऊ महिने राबला, तुमचं अंग त्याने धुतलं, जे मला धुऊ दिलं नाहीत ते. त्याने तुमचं वाईट चिंतलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्याने तुमची अब्रू राखली, हेडमास्तरांनी माझी राखली, दारावरच्या माणसाने सगळ्यांची. मी बाकावर बसून माझीच मी राखली. एवढ्या सगळ्यांनी मिळून राखल्यावर तुम्ही नऊ महिने दात आवळून पडून राहिलात.

मी निघाले होते. ग्यानबानेच मागून हाक मारली. त्याला ते बाहेर काढायचं होतं, असं दिसलं.

"अक्का, आबानं मला एकडाव इचारलं व्हतं. हैदराबादेहून आल्यावर. म्हनले, बाईला कुनी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"आप्रेशन कशाचं त्ये. तू त्या दिशी मेंढ्याचं बोलली न्हाईस का? त्येंना वाटलं तुला ठाव हाय अन् तू मुद्दाम बोलली."

"तू काय म्हणालास?"

"म्या म्हनलं, म्या न्हाई सांगितलं."

"आणि मला ठाऊक नाही, हे?"

त्याने कोकरू मेंढीखाली सरकवलं.

"ग्यानबा, मला ठाऊक नाही, हे तू बोललास का?"

"तसं बोललो असतो तर ते म्हनले असते, मग तिला सांग. मला सांगावं लागलं असतं."

"आबा काय म्हणाले?"

"काय न्हाई. म्हनले, असू दी. शिकल्यावर मानसाला लाज ऱ्हात नसंल."

हे वाक्य मी आठ दिवस घेऊन हिंडते आहे. वर्गात फळ्यावर बेरीज लिहिताना ते येतं. तुम्ही रागावला नव्हतात. तुम्ही माझ्याबद्दल समजूत करून घेतलीत, तीही स्वतःशीच. भावकी जे बोलली आणि जे तुम्ही मला कधी ऐकू दिलं नाहीत, तेच तुम्ही शेवटी मानलंत, माझ्यामुळे. आणि तरी माझ्याच खोलीत राहिलात, माझ्या हातची पेज प्यालात, दर आठ दिवसांनी मी तेच बोलले तेव्हा फक्त भिंतीकडे वळलात.

आबा, शिकून माझी लाज गेली असती तर किती बरं झालं असतं. मी दारावरच्या माणसाला बाजूला सारून आत आले असते. डॉक्टरांचं उर्दू मला समजतं, तुम्हाला आणि ग्यानबाला अर्धंच समजत होतं. खाली लिहिलेली ओळ मी तिथल्या तिथे विचारली असती. माझी लाज गेली नाही. तुम्ही शाळेत घातलंत तेव्हा जेवढी होती तेवढीच आजही आहे. तिच्यामुळेच मी बाहेर बसले.

ग्यानबाशी मी बोलते. महिन्याच्या श्राद्धाचं काय करायचं ते ठरवायला तो रविवारी येऊन गेला, मी त्याला जेवायला वाढलं. मेंढरं विकायची की ठेवायची यावर आम्ही बोललो. तुम्हाला विकायची नव्हती, मला विकायची होती. आता मी ठेव म्हणाले. बाकी त्याच्याशी बोलायला माझ्याजवळ सध्या काही नाही.

तुमच्याशी आहे. ते तुम्हाला जिवंतपणी सांगायला एक माणूस पुरला असता आणि एक वाक्य पुरलं असतं. मला माहीत नव्हतं, आबा. माहीत असतं तर मेंढ्याचं नाव काढलं नसतं. पण भांडले असतेच, तुम्ही मला ओळखता. सुरीसाठी एकदाही म्हटलं नसतं. गोळ्यांसाठी भांडले असते. छाती आली तर बंडी सैल शिवून देते म्हणाले असते, पेडगावला जायचं नसेल तर जाऊ नका, माझ्या खोलीत राहा म्हणाले असते, भिंतीकडे तोंड केलंत तर भिंतीच्या बाजूला येऊन बसले असते. आणि ते भांडण मी जिंकले असते.